हलताच उजळणारी, थांबताच विझणारी पिशवी

जुलै महिन्यात संध्याकाळी साडेसातनंतर अंधेरी पूर्वेला एमआयडीसीकडून स्थानकाच्या दिशेने निघालेली माणसे पाहावीत. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी, पाठीवर किंवा पोटावर सॅक. पदपथ कुठे खोदलेला असतो, कुठे दुकानांनी व्यापलेला असतो, म्हणून चालणारा नाइलाजाने रस्त्यावर उतरतो आणि मागून येणाऱ्या रिक्षा व बसच्या झोतात त्याची काळी आकृती क्षणभर दिसते व नाहीशी होते. या गर्दीत अलीकडे एखाद्या सॅकवर तांबडा ठिपका लुकलुकताना दिसतो. चालणाऱ्याच्या पावलागणिक तो उजळतो, चालणारा थांबला की थोड्या वेळाने विझतो. कोणी जिन्याच्या अंधारात पर्स उघडते आणि आत हात घालताच आतला इवलासा दिवा लागतो. किल्ली सापडते, पर्स मिटते, दिवाही मिटतो.

हालचाल ओळखून आपोआप लागणारे असे दिवे आता पर्स, सॅक, दप्तर, प्रवासी बॅगा अशा अनेक वस्तूंत बसवलेले मिळतात. काही जण त्यांना चैनीची वस्तू मानतात, तर काही जण सुरक्षिततेचे साधन मानून निर्धास्त होतात. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. पिशवीतल्या दिव्याचे मोल त्याच्या तेजावर ठरत नाही. तो केव्हा लागतो, केव्हा विझतो आणि लागल्यावर कोणाला दिसतो, या तीन प्रश्नांवर ते ठरते. ते समजून घ्यायचे तर या दिव्यांची रचना थोडी उलगडून पाहायला हवी.

दोन दिवे, दोन कामे

प्रथम एक भेद लक्षात घ्यावा. पिशवीच्या आत बसवलेला दिवा आपल्याला दिसावे म्हणून असतो, तर बाहेर बसवलेला दिवा आपण इतरांना दिसावे म्हणून असतो. दोघांची कामे वेगळी असल्याने त्यांच्याकडून ठेवायच्या अपेक्षाही वेगळ्या आहेत.

आतल्या दिव्याला फारसे तेज लागत नाही. पर्सचे अस्तर बहुधा काळे असते, त्यात चाव्या, रेल्वेचा पास, औषधांची पाकिटे आणि सुटे पैसे एकमेकांत मिसळलेले असतात. एवढे पाहण्यापुरता मंद पांढरा प्रकाश दहा-पंधरा सेकंद मिळाला तरी पुरतो. मोबाइलचा टॉर्च असताना हा दिवा कशाला, असे कोणी विचारेल. मोबाइल धरायला एक हात लागतो, हे त्याचे उत्तर. ज्याच्या हातात छत्री किंवा भाजीची पिशवी आहे, किंवा कडेवर मूल आहे, त्याच्याकडे तो मोकळा हात नसतो.

बाहेरच्या दिव्याचे काम अधिक जोखमीचे आहे. त्याने लांबून येणाऱ्या वाहनचालकाला वेळेत सांगायचे असते की इथे माणूस आहे. तो चुकीच्या क्षणी विझला तर त्याची किंमत किल्ली न सापडण्याएवढी किरकोळ नसते.

हालचाल ओळखायची कशी?

हे दिवे म्हणजे एलईडी, अर्थात प्रकाश देणारे डायोड. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दृश्य तांबडा प्रकाश देणारा एलईडी तयार केला. पांढऱ्या प्रकाशासाठी निळा एलईडी आवश्यक होता. तो साध्य करणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अगदी थोड्या विजेवर चालणारा आणि धक्क्याने तार न तुटणारा हा दिवा नसता, तर पिशवीत दिवा शिवण्याची कल्पना व्यवहार्य झाली नसती.

दिवा लावणारा संवेदक मात्र निरनिराळ्या प्रकारचा असतो. सर्वांत साधा प्रकार स्प्रिंगच्या स्विचचा. एका बारीक धातूच्या काडीभोवती, तिला न टेकता, नाजूक स्प्रिंग गुंडाळलेली असते. धक्का बसला की स्प्रिंग हलते, काडीला टेकते आणि विजेचा मार्ग पूर्ण होतो. दुसरा प्रकार धातूच्या गोळीचा. नळीतली गोळी पिशवी कलंडताच घरंगळून दोन टोके जोडते. या दोन्ही प्रकारांत पिशवी स्थिर असताना वीज मुळीच खर्च होत नाही, हा त्यांचा मोठा गुण.

तिसरा प्रकार त्वरणमापक चिपचा. मोबाइल आडवा धरला की पडद्यावरचे चित्रही आडवे होते, ते याच जातीच्या चिपमुळे. ही चिप तिन्ही दिशांमधील हालचाल मोजते, त्यामुळे चालणे, नुसता धक्का आणि बसची थरथर यांत फरक करण्याची सोय निर्मात्याला मिळते. तिला सतत थोडी वीज लागते, पण ती फारच अल्प असते.

चौथा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. इमारतीच्या जिन्यात माणूस आल्यावर दिवा लावणारा पीआयआर संवेदक पर्सच्या तोंडाशीही बसवता येतो. मानवी शरीर सतत अवरक्त किरण बाहेर टाकत असते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण संवेदकाला त्यांतील बदल जाणवतो. थंड पार्श्वभूमीवर उबदार हात आला की दिवा लागतो. मुंबईच्या मे महिन्यात मात्र हवेचे तापमान हाताच्या त्वचेच्या तापमानाजवळ जाते. तेव्हा हात आणि पार्श्वभूमी यांतील अंतर कमी होऊन या संवेदकाची नजर मंदावते.

पाचवा प्रकार खरे तर हालचालीचा नव्हे, उघडझाप ओळखणारा आहे. पर्सच्या झाकणात लहानसे लोहचुंबक आणि समोर चुंबकाने चालणारा स्विच बसवतात. झाकण उघडले की चुंबक दूर जातो व दिवा लागतो. फ्रिजचे दार उघडल्यावर आतला दिवा लागतो, तसेच काहीसे हे आहे. आतल्या दिव्यासाठी ही रचना साधी आणि भरवशाची ठरते, कारण पिशवी कितीही हिंदकळली तरी ती उघडल्याशिवाय दिवा लागत नाही.

बुटांनी शिकवलेला धडा

हालचालीने लागणारे दिवे लोकप्रिय झाले ते मुलांच्या बुटांतून. अमेरिकेतील एल. ए. गिअर या कंपनीने १९९२ मध्ये टाचेत दिवे असलेले बूट बाजारात आणले आणि पाऊल आपटले की चमकणाऱ्या या बुटांनी मुलांना वेड लावले. आरंभीच्या काही बुटांत स्विच म्हणून पाऱ्याचा थेंब वापरला होता. नळी कलंडली की थेंब सरकायचा आणि विजेची दोन टोके जोडली जायची. पण जुने बूट शेवटी कचऱ्यात जातात आणि कचऱ्यातला पारा माती-पाण्यात मिसळतो. मिनेसोटा राज्याने यावर आक्षेप घेतला आणि पाऱ्याचा स्विच सोडून देण्याची वेळ कंपनीवर आली. पुढे पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार २०१७ मध्ये अमलात आला आणि भारतानेही २०१८ मध्ये त्याला संमती दिली. वस्तूत दिवा बसवताना ती निकामी झाल्यावर त्या दिव्याचे काय होणार, हा प्रश्न आधीच विचारावा लागतो, हा धडा बुटांनी दिला.

बॅटरीचा हिशेब

या पिशव्यांविषयीची नित्याची तक्रार म्हणजे दिवा लवकर बंद पडतो. त्यामागचे गणित सोपे आहे. लहान दिव्यांत बहुधा सीआर २०३२ या नावाची नाण्याच्या आकाराची लिथियम बॅटरी असते. तिचा व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट आणि क्षमता सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास. दिव्याला ५ मिलिअँपिअर प्रवाह लागतो असे धरले तर ही बॅटरी कागदोपत्री ४५ तास पुरते.

आता पर्समधला दिवा दिवसातून वीस वेळा, प्रत्येक वेळी १५ सेकंद लागला, तर रोजचा वापर पाच मिनिटांचा होतो. या हिशेबाने बॅटरी ५४० दिवस, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष चालायला हवी. पण त्याच पर्समध्ये पीआयआर संवेदक असेल आणि तो हाताची वाट पाहत सतत ५० मायक्रोअँपिअर प्रवाह घेत असेल, तर दिवा एकदाही न लावता बॅटरी सुमारे सहा महिन्यांत संपते. म्हणजे उजेडापेक्षा पहाऱ्यालाच अधिक वीज लागते.

बाहेरच्या दिव्याचे गणित मुंबईत आणखी बिघडते. बोरिवली किंवा विरारकडून चर्चगेटला जाणाऱ्या माणसाची सॅक लोकलमध्ये सतत थरथरत असते. ही थरथर आणि चालण्याचा झोका यांत साध्या स्प्रिंगच्या स्विचला फरक कळत नाही. रोज जाता-येता दीड तास लोकलमध्ये आणि चाळीस मिनिटे पायी, असा १३० मिनिटांचा प्रवास धरला आणि सरासरी प्रवाह तोच ५ मिलिअँपिअर मानला, तर ४५ तासांची बॅटरी तीन आठवड्यांत आटोपते. त्यातील बहुतांश वीज उजळलेल्या डब्यात आणि भर दिवसा वाया गेलेली असते. म्हणून चांगल्या पिशवीत हालचालीच्या संवेदकाबरोबर उजेड ओळखणारा संवेदकही असतो. दिवस असेल किंवा डब्यात प्रकाश असेल तर तो दिवा लागू देत नाही. ही सोय नसेल तर निदान दिवा पूर्ण बंद करणारे बटण हवे.

प्रत्यक्षात बॅटरी वरील आकड्यांपेक्षा कमीच टिकते, कारण क्षमता पूर्ण वापरली जाण्याआधीच तिचा दाब उतरतो आणि पांढरा दिवा मंदावतो. तांबड्या एलईडीला पांढऱ्यापेक्षा कमी दाब पुरतो, त्यामुळे उतरत्या बॅटरीवर तो अधिक काळ तग धरतो. यूएसबीवर भारित होणाऱ्या बॅटरीचा खर्च वाचतो, पण ती मोबाइलसारखी आठवणीने भारित करावी लागते.

पन्नासच्या वेगाला चाळीस मीटर

बाहेरच्या दिव्याचे महत्त्व कळण्यासाठी आणखी एक हिशेब पाहावा लागेल. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. समोर माणूस आहे हे चालकाच्या ध्यानात येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात वाहन २१ मीटर पुढे गेलेले असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी जोराचा ब्रेक लावूनही ते थांबायला आणखी १९-२० मीटर लागतात. एकूण अंतर झाले ४० मीटर. पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर ते ५० मीटरच्या जवळ जाते.

वाहनाच्या खाली वळवलेल्या झोतात गडद कपड्यांतील माणूस अनेकदा याहून कमी अंतरावर आल्यावरच दिसतो. समोरून दुसऱ्या वाहनाचा झोत डोळ्यांवर येत असेल आणि काचेवर पावसाचे थेंब असतील तर आणखी उशीर होतो. लहानसा तांबडा दिवा अंधारात शंभर-दोनशे मीटरवरूनही नजरेत भरतो. चालकाला मिळणाऱ्या त्या दोन-चार अधिक सेकंदांतच या दिव्याचे सारे सार्थक आहे. मुंबईच्या रस्त्यांवर प्राण गमावणाऱ्यांत पादचाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, हे ध्यानात घेतले तर हे सेकंद किती मोलाचे आहेत हे वेगळे सांगायला नको.

अंधेरीत हा प्रश्न रोजचा आहे. सीप्झ, म्हणजे सांताक्रूझच्या नावाने ओळखला जाणारा पण प्रत्यक्षात अंधेरी पूर्वेला असलेला इलेक्ट्रॉनिक्स निर्यात विभाग, १९७३ मध्ये सुरू झाला. त्याच्या आणि शेजारच्या एमआयडीसीच्या आसपास कारखाने, कार्यालये आणि रात्रपाळीची कामे वाढत गेली. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी धावू लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रोही सीप्झ, एमआयडीसी आणि मरोळ नाका या स्थानकांवर आली. तरी कचेरीच्या फाटकापासून स्थानकापर्यंतचा आणि स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा अनेकांना पायीच गाठावा लागतो, तोही अंधार पडल्यावर.

थांबल्यावर काय?

हालचालीने लागणाऱ्या दिव्याची मोठी उणीव इथेच उघडी पडते. रस्ता ओलांडताना पादचारी सर्वाधिक धोक्यात असतो तो अर्ध्यावर, दुभाजकापाशी किंवा दोन वाहनांच्या रांगांमध्ये, वाट मिळेपर्यंत उभा असताना. या वेळी तो जवळपास स्थिर असतो. पंधरा सेकंदांनी विझणारा दिवा नेमका तेव्हा विझतो. बसथांब्यावर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचेही तेच होते. दिवा आहे या भरवशावर माणूस निर्धास्त असतो आणि चालकाला तर तो दिसतच नाही. त्यामुळे बाहेरच्या दिव्यात हालचाल थांबल्यावरही निदान दोन-तीन मिनिटे तेवत राहण्याची सोय हवी आणि संवेदकाला बगल देऊन दिवा सतत चालू ठेवणारे बटणही हवे.

२६ जुलै २००५ ची रात्र ज्यांनी रस्त्यावर काढली त्यांना हे अधिक पटेल. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकल बंद पडल्या, उपनगरांतील मोठ्या भागाची वीज गेली आणि हजारो माणसे कमरेएवढ्या पाण्यातून अंधारात घराकडे चालत राहिली. तेव्हाच्या बहुतेक मोबाइलमध्ये टॉर्च नव्हता. अशा प्रसंगी पावलागणिक लुकलुकणारा दिवा पुरेसा ठरत नाही. पुढचे पाऊल कुठे टाकावे हे दाखवणारा अखंड प्रकाश लागतो. एकच दिवा दोन्ही कामे करणार असेल तर त्याला दोन्ही पद्धती अवगत असायला हव्यात.

दुसरी उणीव दिव्याच्या जागेची. लोकलच्या गर्दीत मुंबईकर सॅक पोटाशी घेतो आणि उतरल्यावरही बऱ्याचदा तशीच ठेवतो. मग सॅकच्या दर्शनी भागावरचा दिवा मागून येणाऱ्या वाहनाला दिसतच नाही. पावसाळ्यात रेनकोट सॅकसकट अंगावर चढवला जातो किंवा सॅकवर पावसाळी आवरण घातले जाते. दिवा त्याखाली झाकला जातो आणि तोही वर्षातील ज्या महिन्यांत त्याची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच. पदपथ नसेल तेथे समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे असे सांगितले जाते. तसे चालणाऱ्याच्या पाठीवरचा दिवा समोरच्या चालकाच्या उपयोगाचा नसतो. म्हणून सॅकच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवर, म्हणजे छातीच्या बाजूलाही, काहीतरी चमकणारे असायला हवे.

ते काहीतरी विजेवर चालणारेच असले पाहिजे असे नाही. वाहतूक पोलीस आणि रस्त्यावर काम करणारे कामगार यांच्या जाकिटांवर जी रुपेरी पट्टी असते, ती तिच्यावर पडलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवते. त्यामुळे वाहनाचा झोत पडताच ती चालकाला लखकन दिसते. तिला ना बॅटरी लागते ना संवेदक, आणि माणूस थांबला म्हणून ती विझतही नाही. मात्र झोत तिच्यावर पडला पाहिजे. वळणावर किंवा झोताच्या कक्षेबाहेर ती अंधारातच राहते, तेथे स्वतःचा प्रकाश असलेला दिवा कामी येतो. दोन्ही एकत्र असणे सर्वांत चांगले. स्थानकाबाहेर चेन आणि बंद दुरुस्त करून देणारा कारागीर अशी पट्टी सॅकच्या पट्ट्यांवर आणि पावसाळी आवरणावर सहज शिवून देऊ शकतो.

दप्तरात दिवा बसवताना

मुलांच्या दप्तराबाबत अधिक सावधगिरी हवी. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये सांगितले आणि केंद्राच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणातही हेच प्रमाण आहे. २५ किलो वजनाच्या मुलासाठी ही मर्यादा अडीच किलोची होते. नाण्याएवढी बॅटरी जेमतेम तीन ग्रॅमची असते, म्हणून त्या दिव्याने ओझ्यात फरक पडत नाही. पण सौर पट्टी, मोठी भारणीय बॅटरी आणि कडक पाठीचा साचा असलेले दप्तर घेताना रिकाम्या दप्तराचे वजन अवश्य करावे.

खरा धोका त्या नाण्याएवढ्या बॅटरीचाच आहे. २० मिलिमीटर व्यासाची लिथियम बॅटरी लहान मुलाने गिळली तर ती अन्ननलिकेत अडकू शकते. ओल्या पेशींतून वीज वाहू लागते, त्या जागी तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. दिवा लावण्याइतकी शक्ती न उरलेली बॅटरीदेखील अशी इजा करू शकते. सुरुवातीला मूल फक्त लाळ गाळते, खायला नको म्हणते किंवा खोकते, त्यामुळे पालकांच्या लक्षात येत नाही. बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी मुलाला उलटी करायला न लावता लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि एक्स-रेची मागणी करावी. गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. म्हणूनच ज्या दिव्याच्या बॅटरीचे झाकण नखाने उघडते तो घरात लहान मूल असताना घेऊ नये. झाकण स्क्रूने बंद होणारे असावे आणि काढलेल्या जुन्या बॅटऱ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या दप्तराची कल्पना आकर्षक आहे. अंधेरीपासून जवळच असलेल्या पवईच्या आयआयटीने २०१४ मध्ये ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी दहा लाख सौर दिव्यांचा कार्यक्रम हाती घेतला होता आणि महाराष्ट्रातील मुलांनाही ते दिवे मिळाले. पण घराच्या छपरावर किंवा अंगणात दिवसभर उन्हात ठेवलेला दिवा वेगळा आणि वर्गाच्या बाकाखाली पडून राहणारे दप्तर वेगळे. मुंबईत चार महिने ढगाळ असतात आणि उरलेले महिने दप्तर सावलीत असते. सौर पट्टी असली तरी यूएसबीने भारित करण्याची सोय इथे लागतेच.

विमानतळावर

सहारच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवास करणाऱ्यांना आणखी एक नियम माहीत असावा. जानेवारी २०१८ पासून अनेक विमान कंपन्यांनी न निघणारी लिथियम बॅटरी असलेल्या तथाकथित स्मार्ट बॅगा नाकारायला सुरुवात केली. बॅटरी निघत असेल तर सामानकक्षात बॅग देण्यापूर्वी ती काढून स्वतःबरोबर केबिनमध्ये न्यावी लागते. अगदी लहान बॅटरीला यातून सूट आहे. तिची मर्यादा एकदाच वापरायच्या बॅटरीत ०.३ ग्रॅम लिथियम आणि भारणीय बॅटरीत २.७ वॉट-तास अशी आहे. सीआर २०३२ मध्ये सुमारे ०.१ ग्रॅम लिथियम असते, म्हणून तिच्यावर चालणारा दिवा या मर्यादेत बसतो. पॉवर बँक जोडलेली सॅक मात्र बसत नाही. निघण्यापूर्वी आपल्या विमान कंपनीचा नियम पाहून घ्यावा.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

दुकानात पिशवी हातात घेतल्यावर पाच मिनिटांत तिची परीक्षा करता येते.

पहिली, स्थिरतेची. पिशवी हलवून दिवा लावावा, मग ती खाली ठेवून तो किती वेळाने विझतो ते घड्याळावर मोजावे. आतल्या दिव्याला पंधरा सेकंद पुरेत, बाहेरच्या दिव्याला नाहीत.

दुसरी, उजेडाची. दुकानाच्या प्रकाशात पिशवी हलवूनही दिवा लागत नसेल, पण संवेदकावर हात झाकून हलवताच लागत असेल, तर उजेड ओळखण्याची सोय आहे असे समजावे. दिवा सतत चालू ठेवण्याचे आणि पूर्ण बंद करण्याचे बटण आहे का, हेही पाहावे.

तिसरी, जागेची. पिशवी पाठीवर घेऊन सोबत्याला दहा पावले मागे आणि दोन्ही बाजूंना उभे करावे. दिवा सर्वांना दिसतो का? मागचा दिवा तांबडा असणे चांगले, कारण तांबडा म्हणजे मागची बाजू हा संकेत प्रत्येक चालकाच्या अंगवळणी पडलेला असतो. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधून घेतो, तर स्थिर दिव्यामुळे अंतराचा अंदाज येतो. दोन्ही पर्याय असतील तर उत्तम.

चौथी, पाण्याची. सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून बचाव होतो असा दावा असेल तर त्यावर आयपीएक्स ४ असे लिहिलेले असते. आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालेल असा दिवा. मुंबईच्या पावसात पहिल्या दर्जाहून कमी काही घेऊ नये.

पाचवी, सुटे होण्याची. दिवा आणि बॅटरी पिशवीतून काढता येत नसेल तर पिशवी धुता येत नाही, बॅटरी बदलता येत नाही आणि बॅटरी संपली की चांगली पिशवीही अडगळीत जाते. कप्प्यात खोचलेला सुटा दिवा शिवलेल्या दिव्यापेक्षा नेहमीच सोयीचा.

निकामी झालेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या वेगळ्या गोळा करून पुनर्वापरासाठी नेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि त्या घरच्या कचऱ्यापासून वेगळ्या ठेवणे हे वापरणाऱ्याचे काम आहे. टाकण्यापूर्वी तिच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी, म्हणजे दुसऱ्या धातूला लागून ती तापत नाही.

ज्याला रोज अंधारात पायी चालावे लागते त्याने हा दिवा जरूर घ्यावा, पण त्याच्या जोडीला रुपेरी पट्टी शिवून घ्यावी आणि रेनकोट सॅकवर चढवल्यावर दिवा झाकला जात नाही ना, एवढे घरातून निघतानाच पाहावे. रस्त्याच्या मध्यावर थांबावे लागले तर हात मागे नेऊन सॅक एकदा हलवावी. विझलेला दिवा पुन्हा लागेल आणि पुढची गाडी येण्यापूर्वी तिच्या चालकाला आपण दिसू.